पंचरंगीतला हिरवा

पाकळी मुरडायची म्हणून जगदेवीनं सुरी लावली, वरून खाली बोटभर चिरा घेतला, आणि सुटलेल्या मेणाच्या पट्टीच्या कडेला तिला हिरवा रंग दिसला. वर नारिंगी, त्याखाली पांढरा, मग तांबडा, मग पिवळा, आणि पिवळ्याच्या खाली, निळ्याला चिकटून, दोऱ्याएवढा हिरवा. हात तिथंच थांबला. खरं तर थांबायला वेळ नसतो. रंगारंगाच्या मेणात बुडवून काढलेली मेणबत्ती ऊन असते तोवरच वळते. पंधरा-वीस मिनिटांत तिला चिरायचं, पट्ट्या सोडवायच्या, करंजीला घालावी तशी मुरड घालायची आणि आकड्याला टांगून मोकळं व्हायचं. इतक्या वर्षांत तिचा हात असा मध्येच कधी राहिला नव्हता. आज ती सुरी धरून नुसती बघत बसली, आणि मेण तिच्या डोळ्यांदेखत निवून ताठ झालं. दुसऱ्या पट्टीला सुरी लावली तर कचकन तुकडाच पडला. त्या तुकड्यालाही हिरवी कड होती.

हिरवा तिनं दिला नव्हता. द्यायचं काही कारणच नव्हतं. समोरच्या गल्लीतल्या सिंधूनं, शाळेत शिकवायची ती, विहारासाठी अकरा मेणबत्त्या सांगितल्या होत्या. बुद्धपौर्णिमेला लावायच्या, पंचशीलाच्या झेंड्याच्या रंगांच्या: निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, नारिंगी. "काकू, क्रम तेवढा चुकू देऊ नका, बाहेरगावची माणसं येतात," असं दोनदा सांगून गेली होती. जगदेवीनं मधल्या खोलीच्या भिंतीवर खडूनं पाची नावं एकाखाली एक लिहून ठेवली होती. तरी हिरवा. स्टोव्हच्या बाजूला हिरव्या मेणाचा डबा होता खरा, दिवाळीतला उरलेला, झाकण लावलेला. हात तिकडं गेला असेल का? पण नुसता हात जाऊन भागत नाही. डबा पाण्याच्या पातेल्यात ठेवून मेण पातळ करायला लागतं. म्हणजे तिनं डबा उचलला, तापवला, मेणबत्ती बुडवली, डबा परत जागेवर नेऊन ठेवला, आणि एवढं सगळं करून ती विसरली. मी दिला नाही, असं तिला पक्कं वाटत होतं. पण पक्कं वाटण्याचं काय? तिच्या अव्वालाही पक्कंच वाटायचं.

अव्वा म्हणजे तिची आई. रेणापूरला जगदेवीच्या थोरल्या बहिणीकडं, उमाक्काकडं, असायची. शेवटची दोन वर्षं तिला माणसं ओळखू येत नव्हती. जेवलेलं ताट बाजूला सारायची आणि म्हणायची, मला कुणी जेवाय वाढलं न्हाई. भांडणाच्या सुरात नव्हे, घडलेली गोष्ट सांगावी तसं शांतपणानं. जगदेवी भेटायला गेली की पदर सावरून उठायची आणि "या मास्तरीणबाई" म्हणायची. जगदेवी कधी शाळेत शिकवायला गेली नव्हती. हे सुरू कधी झालं, ते उमाक्कालाही सांगता येत नव्हतं. कधी म्हणायची, अव्वानं मिठाचा डबा चुलीत ठेवला त्या दिवशी, कधी म्हणायची, न्हाई, त्याच्या आदीच कवातरी. सुरुवात अशीच होत असेल, जगदेवीच्या मनात आलं. दोऱ्याएवढी.

"काय गं, तुटली व्हय?" मल्लप्पा, तिचा नवरा, दारात उभा होता. हातात टँकरवाल्यानं दिलेला चिठोरा. "आपला लंबर परवा हाय म्हणं. आन् मिरजेहून रेल्वेनं पाणी येणार, ते खरंच हाय, पेपरात आलंय."

"हाव, तुटली," ती म्हणाली आणि हिरव्या कडेचा तुकडा तिनं पदराखाली घेतला. असं चोरून काही लपवायची वेळ या माणसापासून तिच्यावर कधी आली नव्हती. पण संक्रांतीला तिच्या हातून स्टोव्ह चालू राहिला होता, मेण धुरावलं होतं, शेजारची माणसं धावली होती, आणि पुण्याहून आलेला लेक रेवणसिद्ध भिंतीवरची काजळी बघून म्हणाला होता, "आई, आता हे वाढव." दुकान बंद करताना म्हणतात, तसं. पुन्हा असं झालं तर मी दोघांनाही पुण्याला घेऊन जाणार, हेही त्यानं वडिलांना एकीकडं सांगून ठेवलं होतं, आणि ते तिनं ऐकलं होतं. पुण्याला जायची तिला भीती नव्हती. लोक तिच्यासमोर तिच्याविषयी एकीकडं बोलायला लागतील, अव्वाविषयी बोलायचे तसे, याची होती.

मेणबत्ती तिच्या घरात आली ती लाखेच्या पाठोपाठ. लातूर तोवर तालुका होता. ब्याऐंशी साली जिल्हा झाला, तेव्हा उस्मानाबादेहून जुन्या फायलींचे ट्रकच्या ट्रक आले. मल्लप्पा नव्या कचेरीत रेकॉर्डवर. तांबड्या फडक्यात बांधलेली बासनं, त्यांच्या गाठीवर लाख, लाख वितळवायला मेणबत्ती. उरलेली बुडखं तो खिशात घालून घरी आणायचा, वीज सारखीच जायची म्हणून. एका संध्याकाळी असंच बुडखं हातात घेऊन बसली असताना तिनं केसातला आकडा काढून त्यावर बेलाचं पान कोरलं. तीन दलं, मध्ये शीर. मेणानं हू का चू केलं नाही. दगडाला नसतो, लाकडाला नसतो, असा एक समजूतदारपणा मेणाला असतो, तो तिला त्या दिवशी कळला. मग पुष्कळ वर्षांनी नांदेडला एका प्रदर्शनात तिनं थरांच्या मेणबत्त्या पाहिल्या. दूरची कुणी बाई करून दाखवत होती. जगदेवी तिथं तीन तास उभी राहिली, एक शब्द विचारला नाही, आणि घरी येऊन डालड्याच्या डब्यांत रंग कालवून, बटाट्याची सुरी आणि करंजीचं कातणं घेऊन, महिनाभर मेण नासत बसली. महिन्यानं जमलं. ऊन मेणात बुडी, गार पाण्यात बुडी, पुन्हा मेणात. एकेका रंगाच्या पाच बुड्या. नाताळाला चर्चची माणसं यायला लागली, मग नांदेडचा एक दुकानदार, मग लग्नघरं. सगळं नुसतं बघून आणि लक्षात ठेवून. लक्षात ठेवणं हेच तिचं भांडवल होतं. गल्लीत कुणाचं लग्न कुठल्या साली झालं, कुणाच्या बारशाला पाऊस होता, हे विचारायला लोक तिच्याकडं यायचे, आणि मल्लप्पा कौतुकानं म्हणायचा, माझ्या कचेरीपेक्षा हिचं रेकॉर्ड बरं.

म्हणून तिनं स्वतःची परीक्षा घ्यायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, मल्लप्पा वामकुक्षीला पडल्यावर, तिनं हिरव्या डब्याचं झाकण घट्ट दाबलं आणि झाकण आणि डबा यांच्या सांध्यावरून विभूतीची तीन बोटं ओढली. झाकण हललं तर रेघा मोडतील. मग वाटीत पंचवीस चिंचोके मोजून घेतले. एक बुडी, एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. निळ्याच्या पाच. गार करायची बादली न्हाणीच्या दारात होती, बारा दिवसांचं तेच पाणी, वर मेणाची साय धरलेलं. ओतून टाकायची सोय नव्हती, आटेल तसा तांब्याभर वर घालायची. पिवळ्याच्या पाच. तांबड्याच्या पाच. ती बुड्या मोजत होती आणि स्वतःकडं बघत होती, शेजारची बाई खिडकीतून बघते तशी. हिचा हात कुठं जातो, हिचे ओठ का हलतात. पांढऱ्याच्या पाच, नारिंगीच्या पाच. पंचवीस चिंचोके इकडून तिकडं गेले. विभूतीच्या रेघा जागच्या जागी होत्या. तिनं सुरी लावली. पट्टी सोडवली.

हिरवा.

मल्लप्पा तोंड धुवायला उठला होता. ओंजळभर पाण्यात तोंड धुऊन, तेच खाली तुळशीच्या कुंडीत धरून, तो आत आला आणि डब्याकडं बघून थबकला. "डब्याला इबूत? मेणाची पूजा करून राहिलीस का?"

"हाव. पावला तर पावला."

"पाऊस पाडाय सांग त्याला," म्हणून तो हसला आणि चहा मागितला. ती उठली. चहा ठेवताना तिला जाणवलं की छातीतली कालची धडधड नाही. भीतीच्या जागी दुसरंच काही होतं. लहानपणी विहिरीत वाकून आपलाच आवाज परत का येतो ते ऐकायची, तसं. पण मग दुधाचं भांडं हातात असताना मनानं हळूच टोचलं: रेघा मोडल्या असतील, आणि तूच पुन्हा ओढल्या असशील, आणि तेही विसरली असशील तर? याला काही तोड नव्हती. विसरणाऱ्या माणसाला आपलं विसरणं धरता येत नाही. धरायला गेलं की तेही विसरण्यातच जमा होतं.

तेव्हा तिनं लांबचं आठवून पाहायला घेतलं. लोक म्हणतात जवळचं आधी जातं, लांबचं राहतं. पण अव्वाचं दोन्ही गेलं होतं. तिनं तिचा नेहमीचा दिवस काढला, जपमाळ काढावी तसा. नव्या जिल्ह्याच्या कार्यक्रमाचा दिवस. मैदानावर मांडव, पिवळ्या कापडाचा, उन्हात सगळ्यांची तोंडं हळद लावल्यासारखी दिसणारी. पाहुण्यांना ओवाळायला पाच सवाष्णी: डॉक्टरीणबाई, वकीलसाहेबांची सून, पतपेढीच्या चेअरमनची बायको, हेडमास्तरीणबाई, आणि रेकॉर्डवरच्या मल्लप्पांची मंडळी, म्हणजे ती. चांदीचं ताट डॉक्टरीणबाईंचं, ते जड होतं. सुपारी घरंगळली होती. आणि मग ओवाळून मागं वळताना, बायकांच्या बाजूला, तिसऱ्या खांबाशी, उमाक्का. हिरवं इरकल नेसलेली. तिनं हात वर केला होता, खांद्याएवढा, फार नाही. बस्स, तेवढंच. गर्दीत नंतर सापडली नाही.

तेवढ्यावर जगदेवी चौतीस वर्षं जगली होती. कारण त्याच्या दोनच दिवस आधी अव्वा गेली होती. त्याआधी दोन दिवस रेणापूरच्या गाडीचा कंडक्टर निरोप घेऊन दारात आला होता: अव्वाचं खरं न्हाई, ये म्हणून सांगितलंय. पाच सवाष्णींची नावं त्याच दिवशी ठरली होती. जगदेवी कंडक्टरला म्हणाली, "कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी येते म्हणावं. तिला तरी कुठं ओळखू येतंय आता." मग अव्वा गेल्याचाच सांगावा आला; ती पोचली तेव्हा अव्वाला समाधीत बसवून, पुरून झालं होतं, वर माती ओली होती. अक्का बोलली नाही. आणि तिथून परत येऊन, अव्वा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, जगदेवी ताट घेऊन उभी राहिली. आपल्या लिंगायतांत सुतक नसतं, असं सासूबाई म्हणाल्या, आणि ते खोटं नव्हतं. गेलेला माणूस शिवाला मिळाला, मग विटाळ कसला. सुतक नव्हतं म्हणून ती जाऊ शकली. आणि सुतक नव्हतं म्हणूनच अक्काही येऊ शकली होती. आली, बघितलं, हात वर केला. मिटलं. म्हणून जगदेवीनं पुढं कधी काही म्हटलं नाही. लग्नाकार्यात दोघी भेटत, अक्का कोरडं बोले, तो तिचा स्वभाव. हे सगळं जगदेवीला सुपारीसकट आठवत होतं. असलं डोकं कसं बिघडलेलं असेल?

संध्याकाळी सिंधू आली, दोन हंडे वाहून दमलेली. मेणबत्त्या बघायला वाकली आणि म्हणाली, "काकू, हा हिरवा कुठला हो?"

"तुला पण दिसला का?" जगदेवीला इतकं बरं वाटलं की ती हसलीच.

"दिसला का म्हंजे? काठ उठून दिसतोय. हिरवा नसतो काकू आमच्यात. आमचे भंतेजी लई बारीक बघतात." मग तुकडा बोटावर फिरवत ती वर्गात सांगावं तसं म्हणाली, "तसा झेंड्यात सहावा पट्टा असतो, बरं का. कडेचा. पण तो काही वेगळा रंग नव्हे, पाची मिळून असतो."

"मिळून," जगदेवी म्हणाली.

"हां, मिळून. चला, माझ्या नळाला आज पाणी सोडतील म्हणतात, रोजच म्हणतात."

सिंधू गेली आणि जगदेवी तशीच बसून राहिली. मिळून. ती उठली, निवलेला पिवळ्याचा डबा उपडा केला, बुडावर दोनदा हात मारला. पिवळ्याधमक मेणाची वडी बाहेर पडली, आणि वडीच्या कडेनं, कंकणासारखी, हिरवट रेघ होती. निळा पिवळ्यात उतरला होता. तिनं न्हाणीच्या दारातल्या बादलीत मनगटापर्यंत हात घातला. दिवस मावळला होता तरी पाणी अंगाला लागत नव्हतं, म्हणजे अंगाइतकंच कोमट. दुपारी तर त्यात तांदूळ भिजत घातला असता तर शिजला असता. निळा त्यात निवतच नव्हता. मऊच राहत होता, आणि त्या मऊपणावर ऊन पिवळा आला की दोघांमधली हद्द पुसली जात होती. हिरवा कुणी दिला नव्हता. तो आपोआप झाला होता.

खात्री करायला घरात एकच गार पाणी होतं. तिनं माठ उचलून घमेल्यात रिकामा केला. रिकामा होतानाचा आवाज ऐकून मल्लप्पा धावत आला. "अगं, अगं! प्यायचं पाणी! तुझं डोकं ठिकाणावर हाय का न्हाई?"

"तेच बघतेय," ती म्हणाली. "धरा ही बत्ती."

सत्तरी ओलांडलेला तो माणूस घमेल्याशी उकिडवा बसला आणि मेणबत्तीचा दोरा धरून राहिला, शिव्या देत देत. निळ्याच्या पाच, पिवळ्याच्या पाच. तिनं पुढचे रंग दिलेच नाहीत. तिथंच चिरा घेतला. निळा. पिवळा. मध्ये काही नाही, केसाएवढंही नाही. तिनं डब्यांमागून कालचा तुकडा काढून शेजारी ठेवला आणि मग सगळं सांगून टाकलं: लपवलेला तुकडा, विभूती, चिंचोके, रेवणसिद्धाचं एकीकडचं बोलणं ऐकल्याचं.

मल्लप्पानं दोन्ही तुकडे चष्म्याजवळ नेऊन बघितले. कचेरीत दोन सह्या ताडून बघायचा, तसे. "म्हंजे डोकं बराबर हाय. पाणी बिघडलंय," त्यानं निकाल दिला. "पहाटं पाचला करत जा. तवा बादली गार असती. आन् हे पाणी गाळून मी उद्या अंघोळ करणार हाय, सांगून ठेवतो. मेणचट तर मेणचट."

तिला एकदम हलकं वाटलं. इतकं हलकं, की नको ते बोलून गेली. "मला समदं आठवतं, कळलं का? जिल्ह्याच्या कार्यक्रमात तुम्ही कुठला सदरा घातला होता तेबी आठवतं. अक्का कुठल्या खांबापाशी उभी होती, तेबी."

"कोण अक्का?"

"कोण म्हंजे! उमाक्का. हिरवं इरकल नेसून आली नव्हती का?"

मल्लप्पा तिच्याकडं बघत राहिला. "कार्यक्रमाला? न्हाई ब्वा."

"तुम्हाला काय ठाऊक. तुम्ही साहेबाच्या मागं पळत होता."

"मी दारात होतो. सकाळी आठपासून, यादी घेऊन. बायकांचं दार माझ्याकडंच होतं. उमाक्का आल्या असत्या, तर मी त्यांना पुढं न्हेऊन बसवलं नसतं व्हय? घरात मयत झालेली बाई, दोन दिवसांत यील कशाला तिथं?" मग त्याला आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण तीही घरात मयत झालेलीच बाई होती, आणि गेली होती. तो आवाज खाली आणून म्हणाला, "तू आदल्या राती झोपली न्हवतीस. उभ्या उभ्या झोप लागून राहिली होती तुला. ताट हालत होतं. सुपारी पडली, ती मीच उचलली."

तिनं सुरी खाली ठेवली. घमेल्यातलं पाणी हलायचं थांबलं होतं. खांब आठवत होता. हात आठवत होता, खांद्याएवढा वर केलेला, बांगड्यांसकट. हिरवा तर इतका आठवत होता की डोळे मिटले तरी दिसत होता. दोन मेणबत्त्यांचे तुकडे पाटावर शेजारी शेजारी पडले होते आणि तिला त्यांच्याकडं बघवेना. विसरण्याची भीती तिनं नुकतीच घालवली होती. न घडलेलं लक्षात राहतं का, हे तपासायला मात्र घरात कुठलाच माठ नव्हता. आणि ते तपासल्याशिवाय तिला झोप येणार नव्हती, हेही खरं. त्यात दुःखापेक्षा कुतूहलच जास्त होतं, आणि त्या कुतूहलाची तिला थोडी लाज वाटली. अक्का आली नसेल, तर मग काहीच मिटलं नव्हतं. चौतीस वर्षं.

सकाळच्या गाडीनं ती रेणापूरला गेली. खिडकीबाहेर वावरं उघडी पडली होती, मातीला भेगा, त्यांत कुत्रं पाय ठेवताना बघून ठेवत होतं. वाटेत तिनं वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. उमाक्का सोप्यात सूप घेऊन तूर निवडत बसली होती. पंच्याहत्तर-शहात्तरची, वाळून काटकीसारखी झालेली, कपाळावर विभूती मात्र जाड. शेजारी कूलर घोंघावत होता. त्यात घालायला पाणी नव्हतं, नुसता गरम वारा फेकत होता.

"जगे? आज कुठं वाट चुकलीस?" अक्का म्हणाली. "आन् हात रिकामेच? एखादी बत्ती तरी आणायची, इथं रोज लाईट जाती."

"अक्का, एक विचारायचं होतं."

"पाणी पी आदी. अर्धाच तांब्या हाय, जपून पी."

जगदेवीनं दोन घोट घेतले. मग विचारलं. नव्या जिल्ह्याच्या कार्यक्रमाला तू आली होतीस का?

"मी?" अक्काची बोटं सुपातल्या तुरीवर थांबली. "मी त्या दिवशी नदीवर होते. अव्वाच्या वाकळा धूत. सात वाकळा. तिनं शेवटी समद्या भिजवल्या होत्या. भिजलेली वाकळ एकट्या बाईला पिळवत न्हाई, ठाऊक हाय का तुला? एक टोक धराय कुणी पायजे." ती हे रागानं म्हणाली नाही. वाकळ किती जड असते, तेवढंच सांगत होती.

"मला तू दिसलीस, अक्का. मांडवात. हिरवं इरकल नेसून. हात वर केलास."

"हिरवं?" आता अक्काच नवलानं तिच्याकडं वळली. "हिरवं माझ्याकडं कवाच न्हवतं. अव्वाला बसवलं, त्या दिवशी मी निळं नेसले होते. तू पायरीवर आलीस, तवा तेच होतं अंगावर. मी दारातच होते." मग म्हणाली, "आत येऊ नकोस म्हणून हात वर केला होता मी. तू तरी आलीस."

कूलरचं पातं कशाला तरी घासत होतं. जगदेवी त्या घासण्याकडं कान देऊन बसली. निळं लुगडं, त्यावर उतरलेला मांडवाचा पिवळा, दार, वर केलेला हात. खांद्याएवढा. तिनं तो हात चौतीस वर्षं जवळ बाळगला होता, आणि तो थांब म्हणत होता.

"मग तू काय समजलीस, मी हात कशाला केला?"

"मला वाटलं, मिटलं."

उमाक्का हसली नाही. तिनं सुपातून एक खडा उचलला, बघितला, अंगणात टाकला. "तरीच," ती म्हणाली. "मी म्हणायचे, हिला काहीच वाटत कसं न्हाई. लग्नात येती, जेवती, पानसुपारी घेऊन जाती. कंडक्टरनं तुझा निरोप जसाच्या तसा सांगितला होता गं मला. एक शब्द गाळला न्हाई मेल्यानं. तिला तरी कुठं ओळखू येतंय. मी तवापासून म्हणतेय, आज म्हणंल, उद्या म्हणंल."

जगदेवीनं गाडीत जुळवलेलं वाक्य शोधलं. सापडलं नाही. नुसते ओठ हलले, आणि तिला जे म्हणायचं होतं ते इतक्या बारीक आवाजात निघालं की तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

"थांब," उमाक्का म्हणाली. गुडघ्यावर हात देऊन ती उठली, भिंतीपाशी गेली आणि कूलरचं बटण बंद केलं. घोंघावणं खाली खाली येत थांबलं. सोप्यात एकदम उकाडा दाटला आणि पलीकडच्या घरातली भांडी ऐकू यायला लागली. ती परत येऊन बसली, जगदेवीच्या समोर, सूप बाजूला सारून, उजवा कान पुढं करून.

"हां. आता म्हण. मला कमी ऐकाय येतं."

"चुकलं माझं, अक्का."

"मोठ्यानं."

पलीकडची भांडी थांबली होती. तिकडं कुणीतरी ऐकत असणार. जगदेवीनं श्वास घेतला आणि मोठ्यानं म्हटलं.